‘प्रत्येक’ आणि ‘भटका’ : युरोपच्या हक्क-करारनाम्याचे एक वाचन

मानवी हक्क या विषयावर आपल्याकडे दोनच ठरीव भाषणे ऐकायला मिळतात. पहिले भाषण विद्वान प्राध्यापकाचे असते. त्यात ग्रीकांपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतचा प्रवास सांगून, मानवी हक्क ही युरोपने जगाला दिलेली देणगी आहे, असा समारोप केला जातो. दुसरे भाषण संस्कृतिरक्षकाचे असते. हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपली परंपरा कर्तव्याची, असे त्यात सांगितले जाते. आणि कोणते कर्तव्य कोणाच्या वाट्याला आले होते, याचा उल्लेख शिताफीने टाळला जातो. ही दोन्ही भाषणे मी विद्यार्थी असताना बाकावर बसून ऐकली. आता शिक्षक म्हणून व्यासपीठावर बसून ऐकतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भाषणांत एक साम्य आहे. ज्या युरोपची एक स्तुती करतो आणि दुसरा निंदा करतो, त्याच युरोपात हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढलेला तळातला माणूस दोघांच्याही बोलण्यात कुठेच नसतो.

मी मराठीचा शिक्षक आहे, कायद्याचा नव्हे. परंतु कायद्याची भाषा ही शेवटी भाषाच आहे. एखादी कादंबरी वाचताना बोलणारा कोण, ज्याच्याविषयी बोलले जाते तो कोण, कोणता शब्द माणसाला आत घेतो आणि कोणता शब्द त्याला दाराबाहेर उभा करतो, हे आपण पाहतो. हेच प्रश्न घेऊन मी युरोपचा हक्क-करारनामा आणि त्याखाली लागलेले काही निकाल वाचले. ते वाचताना जे दिसले ते या नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे मला वाटते. कारण दलित साहित्याने मराठी समीक्षेला जो पहिला धडा शिकवला तो हाच, की ‘माणूस’ हा शब्द उच्चारणाऱ्याने आपल्या डोळ्यांपुढे कोणता माणूस धरला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४९ साली युरोप परिषद स्थापन झाली आणि ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे मानवी हक्कांच्या युरोपीय करारनाम्यावर सह्या झाल्या. ३ सप्टेंबर १९५३ पासून तो अमलात आला. स्ट्रासबर्ग येथील न्यायालय १९५९ साली उभे राहिले आणि १९९८ पासून सामान्य नागरिकाला आपल्याच सरकारविरुद्ध थेट तेथे दाद मागता येऊ लागली. आज या करारनाम्यात ४६ राष्ट्रे आहेत. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियाला युरोप परिषदेतून काढून टाकण्यात आले. सरकारच्या अंगणाबाहेर उभे राहून एखाद्या गरीब माणसाने सरकारला जाब विचारावा आणि सरकारला तेथे हजर राहून उत्तर द्यावे लागावे, ही व्यवस्था सामान्य नाही. तिची किंमत मी कमी करू इच्छित नाही. पुढे जी टीका येणार आहे ती या किमतीची जाणीव ठेवूनच केलेली आहे.

या करारनाम्यातील हक्कांच्या अनेक कलमांचा आरंभ ‘प्रत्येक’ या शब्दाने होतो. प्रत्येकाच्या जीविताचे रक्षण होईल, प्रत्येकाला स्वातंत्र्याचा हक्क आहे, प्रत्येकाला खाजगी व कौटुंबिक जीवनाचा मान राखून घेण्याचा हक्क आहे. शब्द मोठा आहे आणि सुंदरही आहे. परंतु पाचवे कलम सावकाश वाचावे. प्रत्येकाला स्वातंत्र्य आहे असे सांगून झाल्यावर ते स्वातंत्र्य कोणाकोणाचे हिरावता येईल, याची यादी सुरू होते. शिक्षा झालेला गुन्हेगार, अटक झालेला संशयित यांच्यामागून संसर्गजन्य रोगाचा प्रसार करू शकणारे, मनोरुग्ण, दारूडे, व्यसनी असे एकेक येतात आणि त्यांच्याच ओळीच्या शेवटी येतात भटके. ज्या कलमाने माणसाच्या स्वातंत्र्याची हमी दिली, त्याच कलमाने भटक्याला रोगी आणि व्यसनी यांच्या रांगेत उभे करून त्याला कोंडून ठेवण्याची मुभा दिली. हा शब्द आजही त्या कलमात आहे.

मराठी वाचकाने येथे थांबावे. ‘जिप्सी’ हा शब्द आपल्या साहित्यात कसा आला? मंगेश पाडगावकरांच्या पन्नासच्या दशकातील एका गाजलेल्या काव्यसंग्रहाचे ते नावच आहे. मध्यमवर्गीय मराठी मनाला जिप्सी म्हणजे घर असूनही घरात न रमणारे मन, मुक्ततेची ओढ, असे वाटत आले. ज्याला घर आहे त्यालाच घर सोडण्याची ओढ परवडते. त्याच दशकात युरोपात अमलात आलेल्या हक्कनाम्यात मात्र भटकेपणा हे कोंडून घालण्याचे कारण म्हणून लिहिलेले होते. आणि आपल्याकडचे भटके तर हे फार आधीपासून जाणून होते. १८७१ साली इंग्रजांनी केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तारेच्या कुंपणातील वसाहती, हजेरी, परवाना यांत पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके वाचलेल्या माणसाला पाचव्या कलमातील तो शब्द निरुपद्रवी वाटणे शक्य नाही. करारनाम्याच्या मसुद्याच्या कामात डेव्हिड मॅक्सवेल फाइफ या ब्रिटिश कायदेपंडिताचा वाटा मोठा होता. वसाहतींना हा करारनामा आपोआप लागू होणार नाही, राज्यकर्त्या देशाने तसे जाहीर केले तरच होईल, तोही स्थानिक गरजा पाहून, अशी तरतूदही त्यात होती. म्हणजे ‘प्रत्येक’ या शब्दाला समुद्राच्या कडेलाच एक कुंपण घातलेले होते.

या ‘भटका’ शब्दाची पहिली मोठी परीक्षा १८ जून १९७१ च्या बेल्जियमच्या निकालात झाली. तिघे निराधार माणूस आपल्या पायांनी पोलिसांकडे गेले होते. बेल्जियमच्या कायद्यानुसार ज्याला पक्के घर नाही, उपजीविकेचे साधन नाही आणि नियमित धंदा नाही तो भटका. अशा माणसांना कोंडून ठेवले जाई, आणि या तिघांनाही महिनोन् महिने ठेवले गेले. सरकारचे म्हणणे असे, की हे लोक स्वखुशीने आले होते. मग तक्रार कसली? न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. माणसाचे स्वातंत्र्य इतके मोलाचे आहे, की त्याने स्वतःला स्वाधीन केले एवढ्यावरून ते संपत नाही, असा त्याचा आशय होता. कोठडीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती, म्हणून बेल्जियम दोषी ठरला. परंतु भटक्याला भटका म्हणून कोंडणे हेच मुळात करारनाम्याविरुद्ध आहे, असे मात्र न्यायालय म्हणू शकले नाही. करारनामाच तशी परवानगी देत होता. बेल्जियमने हा भटकेपणाचा कायदा १९९३ साली रद्द केला.

या निकालातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती म्हणजे संमतीचा प्रश्न. भुकेला माणूस कोठडीच्या दाराशी जाऊन मला आत घ्या म्हणतो, तेव्हा त्याला संमती म्हणायचे का? दुबळ्याची संमती कागदावर घेतली, की व्यवस्थेचे हात मोकळे होतात. आपल्याकडे वेठबिगाराचा अंगठा, सावकाराच्या वहीतला अंगठा ही याच संमतीची रूपे होत. युरोपात रोमा समाजाने जो लढा दिला त्याच्या केंद्रस्थानी हीच संमती आहे. म्हणून आता त्या लढ्याकडे वळतो.

रोमा हा युरोपातील सर्वांत मोठ्या अल्पसंख्य समाजांपैकी एक. हिटलरच्या राजवटीत लक्षावधी यहुद्यांबरोबर रोमांचीही वंश म्हणून कत्तल झाली. परंतु युद्धानंतर काय झाले? १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, की १९४३ पूर्वी जिप्सींवर झालेली कारवाई वंशद्वेषातून झालेली नव्हती, त्यांच्या समाजविघातक वृत्तीमुळे झालेली होती. करारनामा अमलात येऊन तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती आणि जर्मनीची त्यावर सही होती. ती भूमिका १९६३ साली बदलली, आणि हा वंशसंहार होता हे जर्मन सरकारच्या प्रमुखाने मान्य करायला १९८२ साल उजाडले. तोपर्यंत छळछावणीतून जगून आलेली कितीतरी माणसे नुकसानभरपाई न मिळता मरून गेली. ‘प्रत्येक’ हा शब्द छापला गेला तेव्हा रोमा त्यात मोजला गेला नव्हता, याचा याहून ठळक पुरावा नको.

आता ओस्त्राव्हाचा खटला पाहू. ओस्त्राव्हा हे चेक प्रजासत्ताकातील कोळशाच्या खाणींचे आणि पोलादाचे शहर. तेथील अठरा रोमा मुलांच्या वतीने हा खटला चालला. १९८५ ते १९९१ या काळात जन्मलेली ही मुले ‘विशेष शाळेत’ घातली गेली होती. विशेष शाळा म्हणजे सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची शाळा. आपल्याकडे जिला मतिमंदांची शाळा म्हणत. मुलाची बुद्धिमापन चाचणी घेतली जाई, मुख्याध्यापक निर्णय घेई आणि आईबापांची संमती कागदावर असे. एकदा त्या शाळेत गेलेल्या मुलाला पुढे चांगल्या माध्यमिक शाळेची वाट जवळजवळ बंद होई. सरकार जातीवंशानुसार मोजणी करत नव्हते. म्हणून कार्यकर्त्यांनी शहरातील शाळाशाळांतून माहिती गोळा केली. त्यातून निघालेले आकडे असे : ओस्त्राव्हाच्या प्राथमिक शाळांतील एकूण मुलांत रोमा २.२६ टक्के, विशेष शाळांतील मुलांत मात्र रोमा ५६ टक्के. रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुले विशेष शाळेत, तर इतरांपैकी केवळ १.८ टक्के. म्हणजे रोमा मूल मतिमंद ठरण्याची शक्यता इतर मुलाच्या सत्तावीस पट अधिक होती.

एका समाजाची निम्मी मुले बुद्धीने अधू जन्मतात, यावर कोणता शहाणा माणूस विश्वास ठेवील? परंतु चेक राज्यघटना न्यायालयाने १९९९ साली अर्ज फेटाळला. स्ट्रासबर्गच्या छोट्या पीठाने ७ फेब्रुवारी २००६ रोजी सांगितले, की करारनाम्याचे उल्लंघन झालेले नाही. अखेर १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी रोमांच्या बाजूने निकाल दिला. भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. तटस्थ दिसणाऱ्या नियमाचा परिणाम एका समाजावर विषम होतो हे आकड्यांनी दाखवले, की सफाई देण्याची जबाबदारी सरकारवर येते, हे तत्त्व शिक्षणाच्या प्रश्नाला स्पष्टपणे लागू झाले. हा विजय मोठा आहे. नियमात जातीचे नाव नाही, मग जातिभेद कुठे आहे, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला या निकालाने उत्तर दिले आहे. आणि मोजणीशिवाय विषमता दिसत नाही, हेही त्याने शिकवले आहे. ज्यांना विषमता दिसू द्यायची नसते ते मोजणीला घाबरतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

परंतु समीक्षकाचे काम विजयानंतरही संपत नाही. या निकालात संमतीविषयीचा जो परिच्छेद आहे तो मी पुन्हा पुन्हा वाचला. सरकारने येथेही तेच म्हटले, की आईबापांनी सही केली होती. त्यावर न्यायालयाने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या. पहिली गोष्ट अशी : संमतीचा कागद आधीच भरून ठेवलेला होता, दुसरा पर्याय कोणता याची माहिती त्यात नव्हती, आणि एकीकडे साधी शाळा, जिथे मूल एकटे आणि वाळीत पडणार, तर दुसरीकडे विशेष शाळा, जिथे बहुसंख्य मुले रोमाच, अशा कात्रीत आईबाप सापडले होते. दुसरी गोष्ट अशी, की वंचित समाजातल्या आणि बहुधा अल्पशिक्षित असलेल्या या आईबापांना संमतीचे सर्व परिणाम तोलून पाहण्याची क्षमता होती, याबद्दल न्यायालयाचे समाधान झाले नाही.

ही दोन वाक्ये एका निष्कर्षाला पोचतात, पण ती एक नाहीत. पहिले वाक्य दोष कागदात शोधते, दुसरे वाक्य दोष माणसात शोधते. पहिले वाक्य म्हणते, निवड द्यायचीच नव्हती म्हणून सही खोटी. दुसरे वाक्य म्हणते, निवडणारा अडाणी म्हणून सही खोटी. माझ्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर माझ्या वडिलांचा अंगठा आहे. त्या माणसाने शाळा म्हणजे काय, ती न मिळाल्यास मुलाचे काय होते, हे सर्व कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक काटेकोरपणे तोललेले होते. कारण न मिळाल्याचा हिशेब त्याच्या पाठीवर होता. अक्षर न येणे आणि विचार न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओस्त्राव्हातील आईबापांनीही तोललेच असणार. साध्या वर्गात मागच्या बाकावर शिव्या खात बसलेले मूल आणि आपल्या भावंडांत बसलेले मूल, यांतून त्यांनी दुसरे निवडले. ती निवड वाईट होती, कारण दोन्ही पर्याय वाईट होते. ते पर्याय कोणी तयार केले, हा खरा प्रश्न आहे.

गंमत अशी, की या वाक्यातला अपमान ओळखला तो विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशाने. स्पेनचे न्यायमूर्ती बोर्रेगो बोर्रेगो यांनी रोमा आईबापांना असे अक्षम ठरवणे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे आहे, अशा आशयाची टीका केली. टीका बरोबर होती. परंतु त्यांनी मत मात्र रोमांच्या विरुद्ध दिले. हा डाव आपल्या ओळखीचा आहे. तुम्ही दुबळे नाही, असे म्हणून सवलत काढून घ्यायची, किंवा तुम्ही दुबळे आहात, असे म्हणून सवलत द्यायची. एक बाजू सन्मान देते आणि न्याय नाकारते. दुसरी न्याय देते आणि सन्मान नाकारते. राखीव जागांवरील प्रत्येक वादात आपण याच दोन दगडांवर आपटलो आहोत. तळातल्या माणसाला न्याय आणि सन्मान एकाच वाक्यात हवा आहे, आणि ते वाक्य लिहिणे स्ट्रासबर्गलाही जमले नाही, हे माझे म्हणणे आहे.

सहीचे दुसरे प्रकरण याहून भयंकर आहे. पूर्व स्लोव्हाकियातील एका सरकारी रुग्णालयात २००० साली एका रोमा स्त्रीला प्रसूतीच्या वेणा चालू असताना कागदावर सही करायला लावली आणि तिचे गर्भधारणेचे सामर्थ्य कायमचे काढून घेतले. तिच्या कागदपत्रांत ती रोमा असल्याची नोंद होती. ८ नोव्हेंबर २०११ रोजी न्यायालयाने ही वागणूक अमानुष असल्याचा निर्णय दिला. कौटुंबिक जीवनाच्या हक्काचाही भंग मानला. परंतु हा भेदभाव होता काय, या प्रश्नाचा वेगळा विचार करण्याची गरज नाही, असे बहुमताने म्हटले. म्हणजे तिच्यावर झाले ते अमानुष आहे हे मान्य. पण ते तिच्यावरच का झाले, हे विचारायचे नाही. आपल्या पोलीस ठाण्यांत अत्याचाराची फिर्याद नोंदवताना जातीचा उल्लेख गाळण्याची जी धडपड चालते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मौनाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. असा प्रकार नवा नव्हता. चेकोस्लोव्हाकियातील नागरी स्वातंत्र्याच्या ‘चार्टर ७७’ या चळवळीने १९७८ च्या डिसेंबरमध्येच रोमांच्या स्थितीवर स्वतंत्र दस्तऐवज काढून नसबंदीचा प्रश्न मांडला होता. साम्यवादी राजवट गेली, लोकशाही आली, तरी हे प्रकार थांबले नाहीत. चेक संसदेने पीडित स्त्रियांना प्रत्येकी तीन लाख कोरुना भरपाई देणारा कायदा केला तो २०२१ साली, त्या स्त्रियांनी कित्येक वर्षे रस्त्यावर उभे राहून मागणी केल्यानंतर.

येथे आपल्या राज्यघटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. करारनाम्यावर सह्या झाल्या त्याच १९५० साली ती अमलात आली. युरोपीय करारनाम्याच्या चौदाव्या कलमात लिंग, वंश, रंग, भाषा, धर्म, सामाजिक मूळ, जन्म अशी भेदभावाच्या कारणांची यादी आहे. परंतु युरोपात प्रत्यक्षात कोणाचा छळ झाला, त्याचे नाव त्यात नाही. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात जातीचे नाव आहे आणि सतराव्या कलमाने तर अस्पृश्यता हा रोगच नावानिशी काढून टाकला. बाबासाहेबांनी रोगाचे नाव लिहिले. युरोपने आरोग्याचे वर्णन लिहिले. म्हणून आपल्याकडे रोग बरा झाला असे मी म्हणत नाही. १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनीच सांगून ठेवले होते, की हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या सामाजिक आणि नैतिक जाणिवेने होते. समाजच विरोधात असेल तर कायदा, न्यायालय, संसद कोणीही हमी देऊ शकत नाही. ओस्त्राव्हाचा पुढचा इतिहास याचे उदाहरण आहे. निकाल लागेपर्यंत त्या अठरा जणांचे शाळेचे वय संपत आले होते किंवा संपून गेले होते. त्यांना प्रत्येकी चार हजार युरो मिळाले. विशेष शाळांचे नाव तर निकालाआधीच नव्या कायद्याने बदलून गेले होते. मुले मात्र तीच होती. २०१४ साली युरोपीय आयोगाला याच प्रश्नावर चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू करावी लागली. नाव बदलून व्यवस्था टिकवण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये.

मग निकालात जो सन्मान मिळत नाही तो कुठून येणार? माझे उत्तर साहित्यातून, असे आहे. हे उत्तर साहित्याचा शिक्षक म्हणून नव्हे, दलित आत्मकथनांचा वाचक म्हणून देतो. एलेना लाट्स्कोवा ही रोमा लेखिका १९२१ साली पूर्व स्लोव्हाकियात, रोमांच्या वस्तीत जन्मली. महायुद्धातील छळावर तिने चाळीसच्या दशकात नाटक लिहिले. १९७० साली, वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, तिने प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची पदवी घेतली. चेकोस्लोव्हाकियातील ती पहिली रोमा स्त्री पदवीधर मानली जाते. आपले आयुष्य तिने रोमानी भाषेत सांगितले आणि मिलेना ह्युब्शमानोवा यांनी ते टिपून घेऊन चेक भाषेत आणले. १९९७ साली ते पुस्तकरूपाने निघाले. आपण भाग्याच्या ताऱ्याखाली जन्मलो, असे त्याच्या नावातच ती म्हणते. निकालपत्रात ‘वंचित आणि अल्पशिक्षित समाज’ म्हणून जो समूह येतो, तोच या पुस्तकात पारखणारा, थट्टा करणारा, चुकणारा, ठरवणारा माणूस म्हणून येतो. निकालपत्रात रोमा हे कर्म आहे, या पुस्तकात तो कर्ता आहे. एवढे अंतर दोन लेखनप्रकारांत आहे, आणि ते लहान नाही.

ह्युब्शमानोवा या मूळच्या हिंदी, उर्दू आणि बंगालीच्या अभ्यासक होत्या. रोमानीत पाण्याला ‘पानी’, दोनला ‘दुई’, कानाला ‘कान’ म्हणतात. ही भाषा भारतीय कुळातील आहे, यात आता वाद राहिलेला नाही. या नात्याचे आपल्याकडे काही लोकांना फार प्रेम असते. युरोपातील रोमा हे आमचे दूरचे बंधू, असे म्हणत ते संस्कृतीचा झेंडा फडकवतात. त्यांना ह्युब्शमानोवांचाच दुसरा निष्कर्ष सांगावासा वाटतो. त्यांनी पूर्व स्लोव्हाकियातील रोमांचा अभ्यास करून रोमांना ‘जाती’ याच शब्दाने ओळखले, आणि त्यांच्यात ‘झुझे’ म्हणजे शुद्ध आणि ‘देगेशा’ म्हणजे अशुद्ध असा भेद असल्याचे दाखवले. अशुद्ध मानलेल्यांच्या घरी शुद्ध जेवत नाहीत, सोयरीक करीत नाहीत. रोटीबेटीचा हा व्यवहार वाचून बंधुत्वाचा झेंडा फडकवणाऱ्यांनी थोडे थांबावे. माझे नाते रोमांशी आहे ते रक्ताचे नव्हे, वाट्याला आलेल्या वागणुकीचे आहे. आणि म्हणूनच त्यांच्यातील शिवाशिवीवर बोलण्याचाही मला अधिकार आहे, जसा आपल्या पोटजातींवर बोलण्याचा आहे. पीडित असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. हक्काची भाषा वर फेकायची आणि खाली झिरपू द्यायची नाही, असे केले तर आपलाही ‘प्रत्येक’ युरोपच्या ‘प्रत्येक’सारखाच अपुरा राहील.

हा सर्व विचार आज करण्याला एक कारण आहे. २०२५ च्या मे महिन्यात युरोपातील नऊ देशांच्या प्रमुखांनी एक खुले पत्र काढले. परदेशी गुन्हेगारांना देशाबाहेर घालवताना स्ट्रासबर्ग न्यायालयाने करारनाम्याचा अर्थ फार ताणला आहे काय, याची चर्चा करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या नऊंत चेक प्रजासत्ताकही होते आणि बेल्जियमही. नको असलेल्या माणसापाशी पोचल्यावर ‘प्रत्येक’ हा शब्द आखडू लागतो, ही गोष्ट १९५० सालीही खरी होती. तेव्हा नको असलेला माणूस भटका होता, आज तो स्थलांतरित आहे. आपल्याकडचे संस्कृतिरक्षक यावर म्हणतील, बघा, युरोपच्या हक्कांचे ढोंग उघडे पडले. मी असे म्हणणार नाही. ज्याने ओस्त्राव्हाचे आकडे गोळा केले, ज्या बाईने वेणांत दिलेल्या सहीविरुद्ध अनेक वर्षे खटला चालवला, त्यांच्यासाठी ते ढोंग नव्हते, हत्यार होते. बोथट होते, परक्याच्या हाताने घडवलेले होते, तरी हत्यार होते. ते मोडून टाकण्यात त्यांचा फायदा नाही, मोडू पाहणाऱ्यांचा आहे.

म्हणून युरोपातील नागरी स्वातंत्र्याचे खरे रक्षणकर्ते कोण, असे मला विचारले तर मी करारनाम्यावर सह्या करणाऱ्या मुत्सद्द्यांची नावे घेणार नाही. लिहिणाऱ्याने ‘प्रत्येक’ हा शब्द लिहिला. पण तो मोठ्याने वाचून दाखवून, यात मीही आहे, असे सांगितले ते पोलिसांच्या दारी गेलेल्या निराधारांनी, विशेष शाळेत टाकलेल्या मुलांनी, नसबंदी झालेल्या स्त्रियांनी. शब्दाचा अर्थ त्यांनी वाढवला. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हे निकाल वाचावेत, आणि आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचावेत. न्यायालयाच्या भाषेत आपण कुठे कर्ता असतो आणि कुठे कर्म, हे तपासावे. आपल्यासमोर आधीच भरून ठेवलेला कागद येईल तेव्हा त्यावरचा दुसरा पर्याय कोणता, हे विचारावे. आणि आपल्यापैकी ज्याला इंग्रजी बरे येते त्याने लाट्स्कोवाचे पुस्तक इंग्रजीतून मराठीत आणावे. रोमांनी ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचावे, आपण तिचे वाचावे. अशी देवाणघेवाण सुरू झाली तर ‘प्रत्येक’ या शब्दाला आज नाही ते वजन येईल.